मायच्या गुडघ्याच्या गोळीबद्दल अर्जंट सांगा

पांढरंसोनं_परभणी: मायचे गुडघे अन् कंबर लई दुखायलेत. कापूस वेचणी चालू हाय, घरी बस म्हटलं तर ऐकत नाही. मेडिकलवाल्यानं दिलेली गोळी सकाळ-संध्याकाळ घेते, पण दुपारपर्यंतच बरं वाटतं. तिसरी दिली तर चालंल का? आज रात्रीच द्यायची हाय.

सेलूकर: गोळी कोणती? वय?

पांढरंसोनं_परभणी: पांढरी, लांबट.

लातूरची_लेक: पांढऱ्या लांबट ढिगानं असतात, दादा. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून टाका.

वैद्यकाका: गोळ्या बंद! निर्गुडीचा पाला वाफवून बांधा, वरून तिळाचं तेल.

सेलूकर: काका, परवा दातदुखीलाबी निर्गुडीच सांगितली होती तुम्ही.

पांढरंसोनं_परभणी: एसिक्लोफेनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५. वय बासष्ट.

लातूरची_लेक: मग तिसरी नकोच. एसिक्लोफेनॅक दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं, ते दोनातच संपलं. जेवून घेतात का? बीपी, शुगर?

पांढरंसोनं_परभणी: सकाळी नुसत्या चहावर, शेतात जायची घाई असते. बीपीची टेल्मिसार्टन एच चालू हाय. त्याचा इथं काय संबंध?

लातूरची_लेक: तिथंच तर संबंध आहे. त्या 'एच'मध्ये लघवी वाढवणारं औषध असतं. त्यावर ही गोळी, वरून दिवसभर उन्हात अन् पाणी कमी, म्हणजे सगळा मार किडनीवर. बीपीची गोळी मनानं बंद करू नका, पण क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल चालतं का तेही डॉक्टरला विचारा, जेल रक्तात फार कमी उतरतं.

गोठा_हिंगोली: डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊनच गिधाडं संपली. २००६ ला जनावरांसाठी बंदी आली. आम्ही जनावरांना त्याच्याऐवजी मेलॉक्सिकॅम देतो.

सेलूकर: माय हाय ती, म्हैस नाही!

गोठा_हिंगोली: माहिती दिली, चिडता काहून?

मास्तर_बीड: माझं युरिक ॲसिड वाढलंय, तूर डाळ खाऊ का?

सेलूकर: गुरुजी, वेगळा धागा काढा.

लातूरची_लेक: दादा, एक राहिलं. पोटात जळजळ, शी काळी होते का, विचारा.

पांढरंसोनं_परभणी: विचारलं. चार-पाच दिवस झाले, डांबरासारखी होते म्हणायली. चक्करबी येते. मला बोललीच नाही.

वैद्यकाका: रक्तवाढीच्या गोळ्यांनीबी काळी होते.

पांढरंसोनं_परभणी: तसलं काही चालू नाही तिचं.

लातूरची_लेक: मग पोटात रक्तस्राव असू शकतो. ती दुखण्याची गोळी आत्ता बंद, सकाळची वाट बघू नका. आजच सिव्हिलला न्या, दोन्ही पाकिटं सोबत ठेवा.

पांढरंसोनं_परभणी: गाडी काढली.