'जर्मन'चा पत्रा नेमका कशाचा?

लँकेस्टरकर
मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ राहतो. अठराव्या शतकात इथल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची, ठासणीची रायफल घडवली. पुढे तिलाच 'केंटकी रायफल' हे नाव पडलं. तशी एक हाताने बनवायचा नाद मला लागलाय. नळी आणि चकमकीचा घोडा विकत आणला, मेपलचा दस्ता तासून झाला, आता पत्र्याची कामं उरलीत. परवा चिपळूणला फोनवर बाबांना सांगितलं, दस्त्यात जडवायला जर्मन सिल्व्हरचा पत्रा आणतोय. बाबा म्हणाले, "बंदुकीला पातेल्याचा पत्रा?"
तर याला मराठीत काय म्हणावं? आणि पत्रा, वर्ख, बेगड यांच्या सीमा कुठे?

माजघर
बाबांचं काही चुकलं नाही. आमच्या गावी 'जर्मन' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. आजी तर 'जर्मल' म्हणायची. त्यात आंबट शिजवायचं नाही, एवढीच त्याची ओळख. हल्ली वाण द्यायला जी चकचकीत ताटं-निरांजनं मिळतात, ती दुकानदाराच्या तोंडी 'जर्मन सिल्व्हर'. एकाच शब्दाने दोन घरं धरली आहेत.

पत्रेवाला
आणि खऱ्या जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी गुंजभरही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. चीनमध्ये असा पांढरा धातू आधीपासून होता. त्याच्यासारखा करायचा म्हणून जर्मनीत १८२०च्या दशकात हा तयार झाला. म्हणजे शब्दाआधी एक प्रश्न तुम्हालाच: तुमची रायफल कोणत्या सालची? १७७०च्या घाटाची असेल, तर हा पत्रा तिला शोभणार नाही, तेव्हा तो जन्मलाच नव्हता. पांढरं काही जडवायचंच असेल तर खरी चांदी घ्या. १८४०-५०ची, केपाची (चकमकीऐवजी ठिणगी देणाऱ्या टोपीची) रायफल करत असाल तर जर्मन सिल्व्हर अगदी जागच्या जागी.
मराठीत मी 'निकेल-पितळ' म्हणेन. बाबांनाही कळेल.

शब्दवेडी
बाकीच्यांचं सांगते. 'पत्रा' मूळ 'पत्र' म्हणजे पान, तोच पत्रावळीतला आणि गणपतीच्या पत्रीतला. पत्रा स्वतःचा आकार धरतो. वाकवला की वाकलेला राहतो. वर्ख इतका पातळ की मिठाईवरून बोटाला लागतो. बेगड म्हणजे मखराला चिकटवायची चमकी, म्हणून खोट्याला 'बेगडी'. चांदी नसलेल्या 'सिल्व्हर'ला हा शब्द लावायचा मोह होतो, पण तो अन्याय ठरेल. निकेल-पितळ कडक आणि टिकाऊ असतं.
क्रियापदही बघा. देवळाच्या दाराला चांदीचा पत्रा 'मढवतात', तो वरून बसतो. तुम्ही लाकडात खाच कोरून पत्रा पृष्ठाशी सपाट बसवणार, ते 'जडवणं'.

पत्रेवाला
जडवणं बरोबर. आता पितळेचं. दस्त्याची टाच आणि चापाभोवतीची कडी बहुतेक ओतीव असते. पत्र्याची कामं म्हणजे गज, म्हणजे बार ठासायची काठी, अडकवायच्या नळ्या, आणि दस्त्याच्या कुशीतली ती बिजागरीची डबी.

लँकेस्टरकर
हो, तिच्यात तेलकट चिंध्या ठेवायच्या. गोळीभोवती चिंधी गुंडाळूनच ठासायची, म्हणजे ती नळीतल्या आट्यांना, पिळदार खाचांना, घट्ट धरते. मी तिला 'चिंधीडबी' म्हणतो!

पत्रेवाला
झकास. तिला सत्तर-तीसचं पितळ मागा: सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. कातकामाच्या पितळेत शिसं असतं. ते लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, पण नळीसाठी वळवायला गेलात की तडकतं. ठोकून ठोकून चांगलं पितळही ताठ होतं, मग मंद लाल होईपर्यंत ताव द्यायचा. परिभाषेत याला 'अनुशीतन' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. शब्द निवण्याचा, पण पितळ मऊ होतं ते तापल्यामुळे. लाल झालं की पाण्यात बुडवलं तरी चालतं. पोलादाला हा प्रयोग करू नका, ते उलट कडक होईल. म्हणून मला आपला 'ताव देणे' बरा वाटतो.
लोखंडी साज करायचा तर साधा काळा पत्रा. छपराचा जस्ती पत्रा तापवलात तर जस्ताचा धूर छातीत जाईल.

लँकेस्टरकर
जाडी? इथला दुकानदार 'सोळा गेज' म्हणतो.

पत्रेवाला
कशाचा सोळा? तुमच्याकडे पितळेचा सोळा गेज १.२९ मिमी, पोलादाचा १.५२. इथे आपण ब्रिटिश वायर गेज धरतो, त्यात सोळा म्हणजे १.६३. सरळ मिलिमीटर सांगा. डबीच्या झाकणाला सव्वा मिमी छान, नळ्यांना एकच्या आत-बाहेर.

कोकणातला
आमच्याकडे शेतीरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना असायचा, त्यामुळे गज, कान (बत्तीचं भोक), रंजक (पेटवणीची दारू) हे शब्द अजून ऐकू येतात. नळीला लावतात ते 'बोअर' मात्र पत्र्याच्या गेजहून वेगळं, हं. बारा बोअर म्हणजे तिच्या नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या एका पौंडात बसतात. दोन्हीकडे आकडा वाढला की माप घटतं, हा योगायोग म्हणायचा.

लँकेस्टरकर
रायफल १७७५च्या घाटाची आहे. म्हणजे 'जर्मन' बाद, पितळ कायम, चांदीची एक छोटी चांदणी. बाबांना कळवलं. ते विचारतायत, माळ्यावरची पितळी परात पाठवू का?

पत्रेवाला
मठारलेली असेल तर ठोक्यांनी ताठ झालेली असणार. कापल्यावर आधी ताव द्या. जाडीही सगळीकडे सारखी मिळणार नाही, नळ्यांपुरतीच वापरा.

माजघर
आणि परात बाबांची की आईची, ते आधी विचारा.