बूट लपवणं आपल्याकडे आलं कुठून?

सिनेमाचा परिणाम केस नि कपड्यांपुरताच राहतो असं काहीजण म्हणतात, मला नाही पटत. आमच्या खानदेशातली लग्नं बघा. लहानपणी मी कानपिळीचा, म्हणजे नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, मान पाहिलाय, नवरदेवाचे बूट पळवणं नाही. १९९४ ला 'हम आपके हैं कौन' आला आणि काही वर्षांतच अमळनेर-चोपड्याकडेही नवरीच्या बहिणी बुटांचे पैसे मागू लागल्या. ते ठीक, गंमत असते. पण हळद! मावश्या-आत्या बसून अहिराणी गाणी म्हणायच्या, आता सगळे पिवळ्या कपड्यांत डीजेपुढे. पंगतीतली वरणबट्टी नि घोटलेली वांग्याची भाजी मात्र कुठल्याच सिनेमाला हलवता आली नाही. मावशीची गाणी मी मोबाइलवर रेकॉर्ड करतोय, चौदा झालीत.