मदत हवी आहे : सापळ्यांवर मेण टिकत नाही

कोंबडीवाला : मेण लावलं की दोन दिवसांत पापुद्रे सुटतात. तीनदा करून झालं. शनिवारी सापळे मांडायचेत. कुठलं मेण घेऊ? लवकर सांगा.

बर्फाळ : कसले सापळे? कुठे? लावलं कसं?

उंदीरमामा : मेण कशाला? भज्याचा तुकडा अडकवा, पहाटेपर्यंत गडी आत. नाहीतर चिकट पुठ्ठा आणा.

कोंबडीवाला : उंदीर नाहीत हो, कायोटी, कोल्ह्यासारखं जनावर! सस्कॅचेवानला आहे. अकरा कोंबड्या गेल्या. पाय पकडणारे पोलादी सापळे, नवेकोरे. गंजू नयेत, झटकन मिटावेत म्हणून मेण.

जंगलवेडा : १९७२चा वन्यजीव कायदा वाचा, कलम ९. शिकार गुन्हा आहे.

बर्फाळ : अहो, ते कॅनडात आहेत. धागाकर्ते, तिथल्या परवान्याचं पाहिलंत ना?

जंगलवेडा : कुठेही असोत, मुकं जनावर ते. कुंपण घाला.

कोंबडीवाला : परवाना आहे. कुंपणही आहे, खालून उकरून येतात. मेणबत्त्या वितळवल्या, सापळा बुडवला, काढला. बस.

मधाळ : तिथेच चुकलं. नुसतं पॅराफिन थंडीत तडकतं. मधाच्या पोळ्याचं मेण मिसळा, लवचीक राहतं. मी मधमाश्यांच्या लाकडी पेट्यांना तेच लावते.

बर्फाळ : ताई, पेटी वेगळी, सापळा वेगळा. मधाचा वास कशाला?

मधाळ : नीट गाळलं तर कसला वास येतोय!

बर्फाळ : बरं, मिसळा. पण खरी गोम बुडवण्यात आहे. गार लोखंडावर मेण जाड बसतं आणि सुटतं. आधी कारखान्याचं तेल सोड्याच्या पाण्यात उकळून काढा. रंग धरायला हलका गंज चढू द्या, मग लॉगवूड झाडाच्या लाकडापासूनच्या रंगात उकळा, पूर्ण वाळवा. लोखंड मेणाइतकं तापेपर्यंत आत ठेवा आणि सावकाश उचला, म्हणजे पातळ थर राहतो. मेण थेट जाळावर नको, पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवा, तेही अंगणात. ओला सापळा गरम मेणात गेला तर मेण अंगावर उडेल.

कोंबडीवाला : एक चौकोनी, अंगाला आवळणारा पण आहे. त्यालाही हेच?

बर्फाळ : अजिबात नको!! खटका निसरडा होतो, मांडताना तुमचाच हात सापडेल. हे आधी सांगायचं ना.

कोंबडीवाला : ओके. सोडा म्हणजे खायचा ना? घरात आहे.

उंदीरमामा : हो, भज्यात घालतो तोच.

बर्फाळ : नाही हो! धुण्याचा!