1918 साल युरोपचं, आपलं नव्हे?

वाकडीवाट

काल ‘घाटमाथा’ यांनी लिहिलं: “1918 हे युरोपवाल्यांचं साल. आपली माणसं तेव्हा शेती करत होती, काटक होती. मानमोडीची साथ आली आणि गेली. पोरांना सारायेव्हो आणि व्हर्साय कशाला घोकायला लावता?” तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएन्झा, आणि सारायेव्हो-व्हर्साय म्हणजे पहिलं महायुद्ध, एकीकडच्या खुनाने सुरू झालेलं, दुसरीकडच्या तहाने मिटलेलं. “आली आणि गेली” वाचून डोकं फिरलं. कमीत कमी अंदाज धरला तरी हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं गेली. 1921 च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या 1911 पेक्षा कमी भरली, तसं त्यानंतर कधी झालं नाही. एकट्या मुंबई शहरात 6 ऑक्टोबरला, एका दिवसात, 768 मृत्यू नोंदले गेले.

आणि साथ आली कुठून? मेच्या अखेरीस सैनिक घेऊन आलेलं जहाज मुंबई बंदरात लागलं. 10 जूनला सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. त्याच 10 जूनला टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनची युद्धपरिषद भरली होती, लढाईला आणखी माणसं आणि पैसा हवा म्हणून. टिळकांनी स्वराज्याचा मुद्दा काढताच त्यांना मध्येच अडवलं आणि ते सभा सोडून बाहेर पडले. एकच शहर, एकच दिवस. यातलं युरोपचं काय आणि आपलं काय, हे वेगळं करून दाखवा.

घाटमाथा

ताई, जहाजाचं ऐकलं. पावसाचं का नाही बोलत? त्या साली पावसाने दगा दिला तो जर्मनीच्या कैसरने, त्यांच्या बादशहाने, दिला का? आमचं गाव माणदेशात. पणजोबांनी दिवाळीआधी बैलजोडी बाजारात नेली आणि मिळेल त्या भावाला देऊन आले, कारण कडबाच नव्हता. आजी सांगायची, घरात पांघरायला एक वाकळ आणि तापाने फणफणलेले चौघे. त्यांच्या तोंडी लढाईचं नाव कधी आलं नाही. दुष्काळ आला, साथ आली, एवढंच. माणसं जे जगली ते त्यांनी सांगितलं. तुम्ही शंभर वर्षांनी त्यात विलिंग्डन घुसवताय.

नोंदवही

पाऊस कुणाच्या हातात नव्हता, जहाजं होती. इकडे पिकलं नाही की ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा. त्या साली जहाजं लढाईच्या कामात अडकलेली. कापड, रॉकेल, धान्य, सगळ्याचे भाव चढलेले. त्याच उन्हाळ्यात जपानमध्ये तांदळावरून दंगली होऊन सरकार पडलं, सप्टेंबरात मद्रासला धान्याची दुकानं लुटली गेली. मुंबईत गिरणीमालकांनी लढाईत भरपूर कमावलं आणि मजुरांचं पोट भरेना, म्हणून जानेवारी 1919 ला लाखावर कामगार संपावर गेले. पणजोबांना बैलाचे पैसे मिळाले असतील, पण त्यात ज्वारी किती आली असेल?

सातारी

लढाईचं नाव तोंडी आलं नाही म्हणे. साताऱ्याजवळ अपशिंग्याला जाऊन या. त्या एका गावाचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. इराकात कूटला तुर्कांच्या वेढ्यात सापडली ती पूना डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणी होत्या. एप्रिल 1916 ला शरण जावं लागलं, आणि त्या कैदेतून जे वाचले ते तुर्कांनी 1918 ला हत्यार खाली ठेवल्यावर सुटले. आमच्याकडे आणि कोकणात गावोगाव दगडी पाट्या आहेत, या गावातून इतके गेले, इतके मेले. आमच्या गावच्या पाटीवर ऑइलपेंट फासून वर निवडणुकीचं पोस्टर चिकटवलंय. तक्रार दिली, कोणी ढुंकून बघत नाही.

देशावरचा

लढाई राहू दे. खेड्यात साथ नेली ती मुंबईहून पळालेल्या चाकरमान्यांनी. घरात गप बसले असते तर गावं वाचली असती. 2020 ला तेच केलं.

खाडीपलीकडचा

हे कोण बोललं? कुठल्या घरात गप बसायचं होतं? पणजोबा परळच्या गिरणीत साच्यावर होते. चाळीतल्या एका खोलीत दहाबारा बाप्ये, पाळीपाळीने झोपायचे. जेवण खाणावळीत. खाणावळवाली बाई तापाने पडली आणि चूल थंड झाली. आजारी माणसाला पेज कोण देणार? तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती, ती आली 1998 ला. ते आगबोटीने जयगडला उतरले, होडीतून काठाला आले. गावाने त्यांना मळ्यातल्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, ठेवलं. पणजी दोन वेळा पेजेचा टोप घेऊन जायची, कपाळावर ओलं फडकं ठेवायची. ते उठले, ती गेली. पंचविशीही ओलांडली नव्हती. आजोबा तेव्हा अंगावर पीत होते.

आणि 2020 ला आमच्याच माणसांना वेशीवर अडवलं, रस्त्यात चर खणले. वर हे ऐकवता?

देशावरचा

अडवणारच. गावात दवाखाना नाही, ऑक्सिजन नाही, घरोघर म्हातारी माणसं. माझी आई दम्याची. शेजाऱ्याचा मुलगा ठाण्याहून आला, दार लावून घेतलं आम्ही. तुम्ही काय केलं असतं?

खाडीपलीकडचा

पेज दिली असती.

नोंदवही

भांडता काय एकमेकांशी? साथ रेल्वेने पंजाबपर्यंत गेली, टपालाबरोबर गेली. तिकडे कुठले चाकरमानी? आणि “काटक” हे तर आधी खोडून टाका. ही साथ म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीसच्या धट्ट्याकट्ट्या माणसांवर जास्त तुटून पडली. मुंबईत युरोपियनांत हजारी 8 मेले, वरच्या जातींच्या हिंदूंत 19 आणि ज्यांना तेव्हा खालच्या म्हणत त्या जातींत 61 च्या वर. हवा एकच होती. खोली, पाणी आणि ताट वेगळं होतं. औषधं आणि दूध घेऊन चाळींत फिरत होती ती ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांची मुलं.

घाटमाथा

61 चा आकडा मला ठाऊक नव्हता. काटकपणाचं मागे घेतो. जहाजांचंही घ्या, दिलं. पण सारायेव्होच्या घोकंपट्टीवर मी ठाम आहे. मुलीच्या दहावीच्या तयारीत तहांच्या तारखा पाठ करून घेतल्या, मानमोडीवर एक ओळ नव्हती. शिकवायचंच तर 10 जून शिकवा, गोदी आणि टाउन हॉल एकाच पानावर.

वाकडीवाट

हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी धागा काढलाच नसता. आमच्या पुस्तकातही नव्हती ती ओळ. पण मग सारायेव्होही त्याच पानावर येणार, कारण ते जहाज तिथूनच निघालं होतं.

खाडीपलीकडचा

पान बिन नंतर ठरवा. देशावरच्यांनी चाकरमान्यांबद्दल लिहिलेलं आधी काढावं. तोवर मी दुसऱ्या कशावर बोलणार नाही.