परदेशात गुडघ्याचं ऑपरेशन, हातात पाच आठवडे: कोणत्या लशी आणि कधी?

उंबरठा:
आईचं (वय ६२) गुडघा बदलण्याचं ऑपरेशन परदेशात ठरलं आहे. विमानाला पाच आठवडे आहेत, पोचल्यावर चार दिवसांनी ऑपरेशन. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेते. जुन्या लशींची काहीच नोंद नाही. तिकडे दाखल करताना हिपॅटायटिस बीची तपासणी होणार आहे. वाटेत यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशात १४ तासांचा थांबा आहे. बहीण (वय ३५) सोबत जाईल. कोणत्या लशी, कोणत्या क्रमाने? फार उशीर तर झाला नाही ना?

टोचणी:
उशीर झालेला नाही, पण याच आठवड्यात ट्रॅव्हल क्लिनिक गाठा. आणि एक कराच: पहिली सुई टोचण्याआधी रक्त तपासायला द्या. हिपॅटायटिस बीच्या लशीत त्या विषाणूच्या पृष्ठभागावरचंच प्रथिन असतं. टोचल्यानंतर साधारण १८ दिवस ते रक्तात सापडू शकतं आणि संसर्ग नसतानाही ते प्रथिन शोधणारी एचबीएसएजी चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. परक्या हॉस्पिटलात ऐन ऑपरेशनच्या तोंडावर असा रिपोर्ट आला तर तारीख गेलीच म्हणून समजा.

एचबीएसएजी, अँटी-एचबीसी (पूर्वीचा किंवा आताचा संसर्ग दाखवणारी) आणि अँटी-एचबीएस (शरीरात संरक्षण आहे का हे दाखवणारी) या तिन्ही चाचण्या एकदमच करा. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आली तर बहुधा पूर्वी संसर्ग होऊन गेलेला असतो. मग लशीचा प्रश्न बाजूला ठेवून रिपोर्ट आधी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, कारण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे झोपलेला विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो.

तिन्ही निगेटिव्ह असतील तर नेहमीचं ०, १, ६ महिन्यांचं वेळापत्रक बसणार नाही. ०, ७ आणि २१ व्या दिवशी, आणि चौथा डोस १२ महिन्यांनी, असं जलद वेळापत्रक विचारा. सुई दंडातच हवी. कुल्ल्यावर दिली तर ही लस नीट लागू होत नाही. आता तारखा मोजा. तिसरा डोस २१ व्या दिवशी, विमान ३५ व्या दिवशी. पोचल्या पोचल्या रक्त घेतलं तर १८ दिवस भरलेलेच नसतील! म्हणून लशीआधीचा मूळ रिपोर्ट आणि तिन्ही डोसच्या तारखा तिकडच्या डॉक्टरांना आधीच ईमेल करा.

धनुर्वाताची नोंद नसेल तर एक डोस आज आणि दुसरा चार आठवड्यांनी, एवढं बसतं. तिसरा नंतर ६ ते १२ महिन्यांनी. फ्लू आणि टायफॉइडची इंजेक्शनं निघण्याआधी किमान दोन आठवडे. फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलं तर प्रतिसाद चांगला मिळतो, पण आजार आटोक्यात असेल तरच, आणि तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा.

पिवळं_कार्ड:
यलो फीव्हरबद्दल माझं स्पष्ट मत: तिकीट बदला. ही जिवंत लस आहे, म्हणजे तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. साठीनंतर पहिल्यांदा घेतली तर गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, त्यात मेथोट्रेक्सेट. बहुतेक डॉक्टर आईंना ती देणारच नाहीत.

बरेच देश धोक्याच्या देशात १२ तासांहून जास्त थांबलेल्या प्रवाशाकडे पिवळं कार्ड, म्हणजे ही लस घेतल्याचं प्रमाणपत्र, मागतात. तुमचा थांबा १४ तासांचा, म्हणजे कचाट्यात सापडलात. वैद्यकीय सूट देणारं सही-शिक्क्याचं पत्र मिळतं, पण ते मानायचं की नाही हे त्या देशाच्या हातात. सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, आणि तुमच्याकडे मधे चारच दिवस आहेत.

मार्ग बदलता येत नसेल तर बहिणीने ही लस मान्यताप्राप्त केंद्रातच आणि लगेच घ्यावी. कार्ड दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

उंबरठा:
धन्यवाद. बहिणीला गोवर-गालगुंड-रुबेलाची लस बालपणी दिली होती की नाही, आठवत नाही. आणि लशीमुळे आईला ताप आला तर ऑपरेशन थांबेल का?

टोचणी:
मार्ग बदलला, म्हणजे यलो फीव्हरची लस घ्यावी लागणार नसेल, तर ताईंनी एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) आजच घ्यावी, गरोदर नसतील तर. पुढचे चार आठवडे गर्भधारणाही टाळायची. दुसरा डोस २८ दिवसांनी घेता येतो, पण तो मी परत आल्यावर घ्यायला सांगेन. या लशीचा ताप टोचल्यानंतर ५ ते १२ दिवसांत येऊ शकतो, म्हणजे नेमका आई वॉर्डात असताना सोबतची व्यक्ती तापाने पडायची.

आईंच्या यादीतल्या लशी निष्क्रिय आहेत, म्हणजे त्यांत जिवंत जंतू नसतात. त्यांचा ताप बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येतो आणि ओसरतो. तरी शेवटची सुई आणि ऑपरेशन यांत निदान एक आठवडा ठेवा, नाहीतर ताप लशीचा की संसर्गाचा हे सर्जनला ठरवता येत नाही. धनुर्वाताचा दुसरा डोस २८ व्या दिवशी घेतलात तर ११ दिवस मिळतात, ते पुरेसे आहेत.

पिवळं_कार्ड:
प्रत्येक डोसची तारीख, लशीचं नाव आणि बॅच नंबर एकाच कागदावर इंग्रजीत लिहून क्लिनिकचा शिक्का घ्या. मूळ प्रत हँडबॅगेत, फोटो दोघींच्या फोनमध्ये. हिपॅटायटिस बीचा चौथा डोस बाकी असल्याचं त्यावरच लिहून घ्या.