पाठलागाच्या खटल्यात जुनी प्रकरणं उकरायची का?

निंबोणी:
ओळखीतल्या एका मुलीच्या साक्षीला कोर्टात गेले होते. तोच मुलगा आधी दुसऱ्या एकीच्या मागे लागला होता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. ती साक्षीला यायलाही तयार. सरकारी वकील म्हणाले, ते इथे चालणार नाही. का? भारतीय न्याय संहितेच्या पाठलागाच्या कलम ७८ मध्येच (जुन्या दंड संहितेचं ३५४ ड) ‘वारंवार’ असा शब्द आहे ना? माझ्या मते जुनं वागणं न्यायाधीशांसमोर यायलाच हवं.

कोर्टाची पायरी:
निंबोणीताई, तुमची गल्लत होतेय. त्याच मुलीला आधी दिलेला त्रास, तिने नको म्हटल्यावरचे मेसेज, क्लासबाहेर उभं राहणं, हे जुनं प्रकरण नाहीच. गुन्हाच तो. ते सगळं येतं. दिल्लीत कायदा शिकणाऱ्या प्रियदर्शिनी मट्टूचा खून १९९६ चा, तेव्हा पाठलागाचं कलमसुद्धा नव्हतं. तरी पाठलाग करणाऱ्या आरोपीविरुद्ध तिने आधी केलेल्या तक्रारी हेतू दाखवायला कामी आल्या आणि २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोपीची सुटका रद्द केली. दुसऱ्या मुलीचं वेगळं. साक्ष्य अधिनियमाचं कलम ४९ (पूर्वीचं ५४) सांगतं, आरोपीने स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा आणला नसेल तर तुम्हीही त्याचं वाईट चारित्र्य काढायचं नाही. ‘तेव्हा केलं म्हणजे आताही केलं असणार’ ही गावगप्पा झाली.

मृण्मयी:
गावगप्पा? वकीलसाहेब, ती शपथेवर बोलायला तयार आहे! आरोपी म्हणणार, योगायोगाने त्याच बसमध्ये होतो. एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन मुलींच्या वाट्याला तोच योगायोग, तीच क्लास सुटायची वेळ? कृत्य योगायोगाने झालं की हेतूने हे ठरवायला तशाच आधीच्या घटना चालतात, असं सांगणारं जुन्या साक्ष्य कायद्याचं कलम १५ मग कशाला होतं? एकाच माणसाची विमा उतरवलेली घरं एकामागून एक जळतात, हे उदाहरण त्यातच छापलंय. घरं जळाली की योगायोग मोडीत निघतो, मुली घाबरल्या की नाही?

कोर्टाची पायरी:
हा मुद्दा भक्कम आहे, मान्य. पण बचाव योगायोगाचा असेल तरच. ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणाला तर हे कलम फारसं कामाचं नाही.

धोंडोपंत:
आमच्या वाड्यात एकावर ‘तो तसलाच’ असा शिक्का बसला होता. पुढे कुठेही काही झालं की त्याचंच नाव. कोर्टाने तरी असं करू नये. ज्युरी नाही म्हणून न्यायाधीश वाहवत जाणार नाहीत असं नाही, तीही माणसंच. म्हणून तर आधी झालेली शिक्षासुद्धा चालू गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत आरोपात वाचून दाखवत नाहीत.

निंबोणी:
शिक्षा कुठली, काका? पहिल्या मुलीच्या वेळी ठाण्यात माफीनामा लिहून घेतला आणि समज देऊन सोडला. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि जामीन हक्काचा नाही, हे खरं. पण आधी कुठे दोषी ठरलाय? पाचवी मुलगी असली तरी कागदावर ‘पहिल्यांदाच’.

कोर्टाची पायरी:
तो दोष साक्ष्य अधिनियमाचा नाही, माफीनाम्यावर भागवणाऱ्यांचा. तिला म्हणावं, स्वतःची फिर्याद दे. मात्र पहिल्या गुन्ह्याला कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणून कोर्टाने गुन्ह्याची दखल घ्यायची मुदतही तीनच वर्षांची. कधीचं आहे?

निंबोणी:
या दिवाळीत चार होतील.