पायथॉनमधून कमांडलाईनने मेल जातेय, पण एकाच शाखेची मेल मधेच रिकामी का येतेय?

पिग्मीवाला_बेळगाव

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका सोसायटीचं काम करतोय. पिग्मी एजंट संध्याकाळी मशीन आणून देतात, त्यातला डेटा ऑफिसातल्या उबंटूच्या पीसीवर उतरतो आणि माझा पायथॉनचा प्रोग्राम प्रत्येक शाखेच्या मॅनेजरला त्या दिवसाच्या कलेक्शनची यादी मेल करतो. मेलसाठी ओएस डॉट सिस्टम वापरलंय, म्हणजे इकोपुढं सगळी यादी सिंगल कोटात (एकेरी अवतरणचिन्हात) घालायची नि पाइपनं मेल कमांडला द्यायची, हायफन एस देऊन विषय, शेवटी पत्ता, एवढंच.

खानापूर आणि निपाणीची मेल रोज बरोबर जाते. कॅम्प शाखेची मात्र एखाद्या दिवशी नीट जाते, एखाद्या दिवशी जातच नाही, आणि मधेच रिकामी जाते, विषय असतो पण आत एक अक्षर नाही. प्रोग्राम तोच, पीसी तोच, नेट तेच, मग हे असं का व्हायलंय? शिवाय प्रोग्राम हातानं चालवला तर विषयातलं मराठी आणि कन्नड बरोबर दिसतंय, क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवतो तो) गेलं की नुसती प्रश्नचिन्हं. एजंट लोकांचा हिशोब त्या यादीवर मिटतो, त्यामुळं हे सुटलंच पाहिजे. सांगा की कुणीतरी.

टिळकवाडी_लिनक्स

अण्णा, आधी एक बघा, कॅम्प शाखेच्या यादीत डि'सोझा, डि'मेलो अशी नावं आहेत का, इंग्रजीत वर टिंब (ॲपॉस्ट्रॉफी) देऊन लिहिलेली? खानापूर, निपाणीच्या यादीत तशी नावं नसतील, असा माझा अंदाज. तसं असेल तर नेट, मेल सर्व्हर, जीमेल यातलं काही बघायची गरज नाही, खोट शेलमध्ये आहे, म्हणजे कमांडची ओळ वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये.

ओएस डॉट सिस्टम तुमची ओळ शेलच्या हातात देतं आणि शेलला ते टिंब म्हणजे सिंगल कोटच वाटतो. ज्या दिवशी यादीत एकच डि'सोझा आहे त्या दिवशी तुम्ही उघडलेला कोट नावातच बंद होतो नि शेवटचा कोट नवीन उघडून तसाच राहतो, शेल म्हणतो कोट पुरा नाही, आणि मेल कमांड सुरूच होत नाही. ज्या दिवशी दोन नावं आहेत त्या दिवशी कोटांचा हिशोब जुळतो आणि ते जास्त वाईट, कारण पहिल्या डि नंतरचा मजकूर कोटाबाहेर पडतो, ओळ संपली की इकोचं काम संपलं, मधली, समजा फर्नांडिसची, ओळ शेल कमांड म्हणून चालवायला बघतो, आणि डि'मेलोपासून पुढचा सगळा मजकूर एकाच लांबलचक कमांडचं नाव समजून शोधतो. तसली कमांड कुठं सापडणार? पण पाइपच्या पलीकडं मेल कमांड वाट बघत बसलेलीच असते, तिला आत काहीच येत नाही, ती रिकामी मेल पाठवते आणि शून्य, म्हणजे काम झालं, असं परत देते. म्हणून प्रोग्रामला वाटतं सगळं ठीक.

आज फर्नांडिस आहे, उद्या एखाद्याच्या नावात नाहीतर शेऱ्यात असल्याच टिंबानंतर अर्धविराम आणि त्यापुढं खरी कमांड आली तर ती खरंच चालेल, आणि हे लोकांच्या पैशाचं काम आहे. कोटांपुढं बॅकस्लॅश लावत बसू नका, शेललाच मधून काढा. सबप्रोसेस डॉट रन वापरा, कमांड आणि तिचे ऑप्शन वेगवेगळे लिस्टमध्ये द्या, शेल इक्वल ट्रू अजिबात लिहू नका, आणि मजकूर कमांडच्या ओळीवर न घालता इनपुटमधून द्या. मग नावात काहीही असू दे, मेलरला ती नुसती अक्षरं.

शहापूर_बॅकएंड

वरचं बरोबर आहे. प्रश्नचिन्हांचं कारण वेगळं. क्रॉन तुमच्या लॉगिनचं वातावरण घेत नाही, तिथं यूटीएफ-८ ची भाषा सेटिंग बहुतेक नसते, पाथही (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) लहान असतो. टर्मिनलवर चालतं ते क्रॉनमध्ये चालत नाही ते यामुळंच. लँग (तीच भाषा सेटिंग) सेट करून तात्पुरतं भागेल, पण मी म्हणेन पत्रच पूर्ण पायथॉनमध्ये तयार करा. ईमेल लायब्ररीतला ईमेलमेसेज घ्या, टू, फ्रॉम, सब्जेक्ट त्यात भरा, सेट कंटेंटनं मजकूर घाला आणि ॲज बाइट्सनं बाहेर काढा. देवनागरी असो की कन्नड, विषय तो स्वतः एन्कोड करतो, विषयाच्या जागी बाहेर पडतात ती साधी आस्की (इंग्रजी) अक्षरं, मग क्रॉनची सेटिंग काहीही असली तरी फरक पडत नाही. विषयात चुकून नवीन ओळ आली तर तो तिथंच व्हॅल्यूएरर देऊन थांबतो, म्हणजे कुणी विषयातून जादा पत्ता घुसवू शकत नाही.

मेल कमांड मात्र सोडाच. तिच्या प्रत्येक जातीत हायफन ए चा अर्थ वेगळा, एकीत अटॅचमेंट, दुसरीत हेडर (टू, सब्जेक्ट असल्या वरच्या ओळी), पीसी बदलला की परत डोकेदुखी. एमएसएमटीपी टाका, तो पत्र मेल सर्व्हरला नेऊन देणारा छोटा प्रोग्राम आहे, हायफन टी दिलं की पत्ते हेडरमधूनच वाचतो, बीसीसी वाचून हेडर काढूनही टाकतो. सेंडमेल (लिनक्सवरची मेल पाठवायची जुनी कमांड) नावानं हाक मारणार असाल तर हायफन आय पण द्या, नाहीतर मजकुरात एका ओळीवर एकटा पूर्णविराम आला की काही सेंडमेल तिथंच पत्र संपलं समजतात.

पिग्मीवाला_बेळगाव

टिळकवाडीवाल्यांनी अचूक पकडलं! यादी काढून बघितली, रिकाम्या मेलच्या दिवशी दोन डि नावं, न गेलेल्या दिवशी एक. आता एक शंका, एवढं सगळं करायचं तर पायथॉनच्या एसएमटीपीलिबनं थेट का पाठवू नये? आणि संध्याकाळी लाईट गेली की राउटर बंद पडतो, पीसी यूपीएसवर चालू असतो, त्या वेळच्या मेलचं काय करायचं?

शहापूर_बॅकएंड

थेट पाठवलं तरी चालतंय की, चूक काही नाही. पण तुमच्याकडं बॅकअपचा शेल स्क्रिप्ट असेल, उद्या दुसरा रिपोर्ट येईल, प्रत्येकात पासवर्ड लिहीत बसणार काय? मेलर वेगळा ठेवला की पासवर्ड एका फाईलीत राहतो, त्या फाईलीला ६०० परवानगी द्या, म्हणजे मालकालाच वाचता-लिहिता येईल. पासवर्ड कमांडच्या ओळीवर कधी देऊ नका, पीएस (चालू प्रोग्रामांची यादी) मारलं की त्या पीसीवरच्या कुणालाही दिसतो. क्रॉन ज्या यूझरचा त्याच्याच होम फोल्डरमध्ये ती फाईल हवी, इथं बरेच जण अडकतात. जीमेल असेल तर ३० मे २०२२ पासून नेहमीचा पासवर्ड असल्या प्रोग्रामला चालत नाही, टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या, पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारं).

टिळकवाडी_लिनक्स

लाईटचं मी सांगतो. एमएसएमटीपी स्वतः रांग ठेवत नाही, नेट नसलं की शून्य सोडून दुसरा आकडा परत देतो आणि विषय संपला. म्हणून पत्र पाठवायच्या आधीच एका फोल्डरमध्ये फाईल करून ठेवा, रिटर्नकोड शून्य आला तरच ती फाईल पाठवलेल्यांच्या फोल्डरमध्ये हलवा, आणि क्रॉन दर १५ मिनिटांनी उरलेल्या फाईली परत पाठवू दे. टाइमआउट पण द्या, अर्धवट नेटवर प्रोग्राम तासभर लटकतो नि मागून दुसरा क्रॉन सुरू होऊन तीच यादी दोनदा जाते, त्यासाठी एफलॉकनं एका वेळी एकच चालू राहील असं करा.

शून्य आला म्हणजे मॅनेजरला मेल मिळाली असं धरू नका. पुढच्या सर्व्हरनं पत्र ताब्यात घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. पत्ता चुकला असेल किंवा मेलबॉक्स भरला असेल तर परतीची मेल नंतर फ्रॉमच्या पत्त्यावर येते, त्यामुळं तिथं नोरिप्लाय असलं काहीतरी घालू नका, ऑफिसात रोज उघडली जाते ती मेल आयडी घाला. आणि एमएसएमटीपीचा लॉगफाईल ऑप्शन चालू करा, एजंट सकाळी विचारायला आला की कुठल्या पत्त्यावर किती वाजता गेली ते त्यात सापडतं.